काळ्यातून हिरवा : हिरव्या संगमरवराचा आभास रंगाने कसा उभा करायचा

हिरवा संगमरवर रंगवायचा म्हटलं की बहुतेक जण दुकानातून हिरव्या रंगाचा डबा आणतात, फळीवर दोन हात मारतात आणि त्यावर पांढऱ्या रेघा ओढतात. दगड काही वाटत नाही, रंगवलेली फळीच वाटते. कारण या दगडाचा हिरवा वरवरचा नसतो, खोलातून येतो. खाली जवळजवळ काळा गाभा असतो आणि त्याच्यावर पारदर्शक हिरव्याचे पातळ पडदे एकावर एक चढलेले दिसतात. म्हणून रंगवतानाही अंधारातून निघायचं आणि हळूहळू उजेडाकडे यायचं. पांढरा संगमरवर रंगवताना हाच प्रवास उलटा असतो, त्यामुळे पांढऱ्यावर बसलेला हात हिरव्यावर सुरुवातीला अडखळतो. खाली दिलेली प्रत्येक पायरी या एकाच गोष्टीवर उभी आहे.

आधी दगड बघा

आपल्याकडे मार्बलच्या दुकानांत जो गडद हिरवा दगड मिळतो, तो बहुतेक राजस्थानातून येतो. उदयपूरच्या दक्षिणेला ऋषभदेव नावाचं गाव आहे, त्यालाच केसरियाजी म्हणतात. त्या परिसरात याच्या खाणी आहेत. व्यापारात त्याला मार्बल म्हणत असले तरी भूशास्त्राच्या हिशेबाने तो सर्पेंटाइन. खरा संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडक. सर्पेंटाइन वेगळ्या वाटेने तयार होतो. मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असलेल्या गडद खडकात पाणी शिरतं, त्यातली खनिजं बदलतात आणि खडक हिरवा होतो. पुढे जमिनीच्या हालचालींत तो फुटतो, भेगांमध्ये कॅल्साइटसारखी फिकी खनिजं भरतात, मग तो पुन्हा फुटतो.

रंगाऱ्याला हा इतिहास पाठ हवा, कारण रंगवायचंही त्याच क्रमाने आहे : आधी गडद खडक, मग हिरवेपण, मग फुटणं, शेवटी पांढऱ्या शिरा.

ग्रीसमधल्या थेसली प्रांतात, लारिसा शहराजवळ, याच कुळातला एक दगड निघतो. त्याला इटालियन नावाने व्हेर्दे आंतिको म्हणतात. त्यात गडद हिरव्या, काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे कोनेदार तुकडे हिरव्या लगद्यात अडकलेले दिसतात. इस्तंबूलच्या हागिया सोफियात, जिचं बांधकाम 532 ते 537 या काळात झालं, मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंचे मोठे हिरवे खांब याच दगडाचे आहेत. युरोपातल्या रंगाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो हिरवा संगमरवर रंगवला, त्याचा आदर्श मुख्यतः हा दगड आणि त्याचे आल्प्स पर्वतातले भाऊबंद. केसरियाजीचा दगड त्या मानाने शांत. त्यात मोठे तुकडे कमी आणि बारीक शिरांचं जाळं जास्त. पहिल्यांदाच रंगवणार असाल तर केसरियाजीचाच नमुना घ्या. तो कुठेही मिळतो आणि त्यात चूक पटकन झाकता येते.

मार्बलच्या दुकानात कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. वीतभर पॉलिश केलेला एक तुकडा मागून आणा. घरी तो घासू किंवा कापू मात्र नका. सर्पेंटाइन गटातल्या क्रिसोटाइल या खनिजापासून ॲस्बेस्टॉस मिळतो, आणि अशा दगडाची धूळ छातीत जाऊ नये. तुकडा खिडकीपाशी ठेवा, थोडा ओला करा आणि भिंग घेऊन बसा.

भिंगाखाली पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे पांढरी शीर पांढरी नसते. तिच्या कडा फिकट हिरव्या असतात, मध्यभागी दुधाळ करडा रंग असतो आणि शुद्ध पांढरा असलाच तर एखाद्या टिपक्यापुरता. दुसरं, शीर एकाच जाडीची कधीच नसते. दोन मिलिमीटरवरून केसाइतकी होते, गायब होते, बोटभर अंतरावर पुन्हा उगवते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शिरांच्या दोन पिढ्या असतात. जुनी शीर नव्या शिरेपाशी तुटते आणि पलीकडे जरा सरकून पुढे जाते. ही सरक एका फळीवर तीन-चार ठिकाणी दाखवली तरी बघणाऱ्याचा डोळा फसतो, आणि आपण का फसलो ते त्याला सांगता येत नाही.

चौथी गोष्ट : शिरा लहान कोनात फुटतात. काटकोनात क्वचित. झाडाच्या फांद्यांसारख्या किंवा नदीच्या नकाशासारख्या मऊ वळणाने तर कधीच नाही. नवख्या हाताला वळणं काढायची फार ओढ असते. ती आवरा.

सामान

पाण्यावरचे ॲक्रिलिक रंग वापरायचे की तेलाचे, हे आधी ठरवा. तेलाचं ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, तासभर ओलं राहतं, त्यामुळे मऊ कडा सुंदर येतात. पण प्रत्येक थराला सुकायला एक-दोन दिवस लागतात, पावसाळ्यात कोकणात त्याहूनही जास्त. ॲक्रिलिक एका दिवसात संपवता येतं, पण मे महिन्यात पुण्या-नागपूरच्या हवेत ते ब्रशखालीच सुकतं. मी सुरुवात करणाऱ्याला ॲक्रिलिक सुचवतो, कारण या कामात थर खूप आहेत आणि प्रत्येक थरानंतर दोन दिवस थांबलं की मन कामातून निघून जातं. पुढची कृती ॲक्रिलिकची आहे. तेलाच्या कृतीतले फरक नंतर सांगतो.

फळीसाठी 2 फूट बाय दीड फुटाचा 12 मि.मी. एमडीएफचा किंवा प्लायचा तुकडा घ्या. थेट टेबलावर किंवा खांबावर हात घालू नका. नमुना फळी झाल्याशिवाय रंगांचं प्रमाण हातात बसत नाही.

रंगांत काळा, फ्थॅलो ग्रीन, क्रोमियम ऑक्साइड ग्रीन, यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि टायटॅनियम व्हाइट एवढे पुरे. फ्थॅलो ग्रीन पारदर्शक असतो आणि भयंकर जोरकस. वाटाण्याएवढा रंग वाटीभर मीडियम (रंग पातळ आणि पारदर्शक करणारं द्रव्य) रंगवून टाकतो. नुसता वापरला तर खेळण्यासारखा भडक दिसतो. त्यात थोडा बर्न्ट सिएना घातला की तांबूस छटा हिरव्याचा भडकपणा मारते आणि दगडाचा खोल हिरवा मिळतो. या मिश्रणावर अर्धा तास घालवा. क्रोमियम ऑक्साइड याच्या उलट. तो अपारदर्शक, मातकट, राखी झाक असलेला. ढगाळ भाग त्याचे, खोली फ्थॅलोची.

याशिवाय ॲक्रिलिक ग्लेझिंग मीडियम आणि रिटार्डर, म्हणजे रंगाचं सुकणं लांबवणारं द्रव्य, लागेल. रिटार्डर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घालू नका. जास्त झाला तर थर चिकट राहतो आणि वरचा थर त्याला ओढून काढतो.

हत्यारं साधी आहेत. समुद्री स्पंज मिळाला तर उत्तम, नाहीतर साध्या स्पंजाच्या कडा वेड्यावाकड्या फाडून घ्या. जुनी वर्तमानपत्रं. मऊ सुती कापड, धोतराचं जुनं पान सगळ्यात चांगलं. एक इंची सपाट ब्रश. लांब केसांचा बारीक लायनर ब्रश, 0 किंवा 1 नंबरचा. कोंबडीच्या किंवा बदकाच्या पंखातली चार-पाच मोठी पिसं, साबणाने धुऊन वाळवलेली. आणि कडा विरघळवायला एक मोठा मऊ ब्रश. युरोपात त्यासाठी बॅजर या प्राण्याच्या केसांचा महागडा ब्रश वापरतात. आपलं काम मेकअपच्या पावडरीच्या मोठ्या सिंथेटिक ब्रशने होतं. ब्रश घेताना एक काळजी घ्या : मुंगसाच्या केसांचे ब्रश कोणी देऊ केले तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार गुन्हा आहे, आणि त्या ब्रशांपायी फार मोठ्या संख्येने मुंगसं मारली जातात. सिंथेटिक लायनर या कामाला पुरेपूर पुरतो.

फळी तयार करणं

पॉलिश केलेल्या दगडाचा गुळगुळीतपणा रंगाने येत नाही, तो खालून यावा लागतो. फळीला प्रायमरचा एक हात द्या. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात, त्यांना दोन हात द्या. मग पुट्टी पत्र्याने ताणून दोनदा भरा, दुसऱ्यांदा आडव्या दिशेने. सुकल्यावर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने आणि नंतर 320 ने घासा. पेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून घासायचा, नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात. तोंडाला मास्क लावा. खिडकीचा उजेड तिरपा पडेल अशी फळी धरून बघा. आत्ता दिसलेला प्रत्येक ओरखडा शेवटी चकाकीखाली दुप्पट दिसणार आहे. पुट्टीवर प्रायमरचा अजून एक पातळ हात.

जुन्या दारावर किंवा कपाटावर काम करणार असाल तर दोन गोष्टी तपासा. घरातल्या लाकडावर बहुधा ऑइल पेंट असतो. त्याच्या चकाकीवर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्र्यासारखं निघतं. आधी चकाकी मरेपर्यंत घासा, ऑइल पेंटवर धरणारा प्रायमर मारा, मग पुढे जा. आणि जुन्या वाड्या-चाळींतल्या लाकडावरच्या जुनाट रंगात शिसं असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, लहान मुलांना लांब ठेवा, निघालेला गाळ गोळा करून टाका.

काळा गाभा

काळ्या रंगात चमचाभर हिरवा आणि किंचित अंबर मिसळून दोन हात मारा. नुसता काळा निर्जीव दिसतो. उजेडात धरल्यावर हिरवट झाक जेमतेम जाणवली पाहिजे, बस. फार मॅट रंग ग्लेझ शोषून घेतो, फार चकचकीत रंगावर ग्लेझ घसरतं, म्हणून मधला साटिन घ्या. प्रत्येक हात आडवा-उभा फिरवून ब्रशच्या रेषा मोडा. रात्रभर सुकू द्या आणि 400 नंबरच्या पेपरने अगदी हलका हात फिरवा.

आता फळीवर खडूने एक तिरपी दिशा आखा, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, पण नेमकी कर्णरेषा नको. ही दगडाची वाहण्याची दिशा. पुढचे सगळे थर तिला धरून चालतील, कधी पंधरा-वीस अंश इकडे, कधी तिकडे. दिशा नसली की फळीवर नुसता गोंधळ दिसतो. दिशा फार काटेकोर पाळली की लाकडाच्या रेषा दिसू लागतात.

पहिला पडदा

तीन वाट्या करा. पहिलीत फ्थॅलो आणि बर्न्ट सिएना, गडद. दुसरीत क्रोमियम ऑक्साइड आणि थोडा काळा, मधला. तिसरीत क्रोमियम ऑक्साइड, पांढरा आणि चिमूटभर ऑकर, फिकट राखी-हिरवा. प्रत्येकात रंगाच्या साधारण चौपट मीडियम आणि थोडा रिटार्डर.

फळीवर आधी नुसत्या मीडियमचा अतिशय पातळ थर पुसून घ्या. ओल्या थरावर रंग सरकतो आणि कडा आपोआप मऊ होतात. आता स्पंजाच्या फाटक्या कडेने दुसऱ्या वाटीतला रंग दिशेला धरून तुटक पट्ट्यांनी टेकवा. टेकवायचा, ओढायचा नाही. दर वेळी स्पंज हातात फिरवा, नाहीतर एकच ठसा पुन्हा पुन्हा उमटतो आणि डोळा तो लगेच पकडतो. निम्म्याहून थोडी कमी फळी झाकली की थांबा. उरलेला काळा म्हणजे न भरलेली जागा नव्हे. तोच पुढे दगडाची खोली होणार आहे.

लगेच वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद घ्या, उलगडा आणि ओल्या रंगावर ठेवून तळव्याने दाबून उचला. घड्यांच्या कोनेदार खुणा उमटतात. फुटलेल्या खडकाचं जे टोकदारपण हाताने काढताना कृत्रिम वाटतं, ते इथे आपोआप मिळतं. मग मऊ ब्रश कोरडाच, वजन न देता, दिशेच्या आडवा आणि नंतर दिशेने फिरवा. अगदी पिसासारखा स्पर्श. सगळीकडे फिरवू नका. काही कडा तीक्ष्ण राहू द्या, काही धुक्यात जाऊ द्या. खऱ्या तुकड्यात दोन्ही शेजारी-शेजारी असतात.

हा थर बघून निराशा येते, कारण तो काळ्यावर उडालेल्या धुळीसारखा, फिकट आणि पांढुरका दिसतो. तसाच दिसायला हवा. हिरवा अजून यायचा आहे.

फुटलेला खडक

थर सुकल्यावर तिसऱ्या वाटीतला फिकट रंग घ्या. पीस त्यात बुडवा, कागदावर टिपा, कंगव्याने पिसाच्या कडा थोड्या विंचरून तुटक करा. ते आडवं धरून दिशेने ओढा, थरथरवा, उचला, पुन्हा ठेवा. एका ओढीत सात-आठ समांतर तुटक रेषा मिळतात. त्यांना फळीच्या एका भागात दाट ठेवा, दुसऱ्या भागात जवळजवळ नाहीच. दगडात गर्दी आणि मोकळीक दोन्ही असतात. समसमान वाटलेली नक्षी ही रंगाऱ्याच्या हाताची सही असते, आणि आपल्याला ती सही लपवायची आहे.

आता सपाट ब्रशच्या कोपऱ्याने, काळ्या-हिरव्या गडद ग्लेझमध्ये, कोनेदार तुकडे बसवा. तुकडा पूर्ण रंगवायचा नाही. त्याच्या दोन बाजू गडद रेषेने दाखवा, तिसरी बाजू पार्श्वभूमीत विरू द्या. काही तुकडे नखाएवढे, एखाद-दुसरा तळहाताएवढा. शेजारच्या दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना जुळतील अशा ठेवा, म्हणजे एकच खडक फुटून दोन्ही झाले असं वाटतं. व्हेर्दे आंतिको रंगवत असाल तर इथे जास्त वेळ द्या, दोन-चार तुकडे राखी-पांढरे आणि दोन-चार निव्वळ काळे ठेवा. केसरियाजीसाठी तुकडे अंधुक असले तरी चालतं.

हिरवा पडदा

फ्थॅलो आणि बर्न्ट सिएनाचं पहिल्या वाटीतलं मिश्रण घ्या आणि त्यात अजून मीडियम घालून ते काचेवर जेमतेम दिसेल इतकं पातळ करा. सपाट ब्रशने पूर्ण फळीवर पसरा, लगेच कापडाने काही ठिकाणी टिपून कमी करा, मऊ ब्रशने मिसळा.

फळी इथे एकदम बदलते. तो पांढुरका धुरळा रंगाखाली जातो, हिरवा होतो आणि मागे सरकतो. काळा अजून काळा होतो. उजेड वरच्या पारदर्शक थरातून आत जातो, खालच्या फिकट भागावर आपटतो आणि हिरवा होऊन परत येतो. डब्यातला तयार अपारदर्शक हिरवा हे करूच शकत नाही, कारण त्याच्यात उजेड आत जात नाही.

सुकल्यावर असाच दुसरा पडदा द्या, पण पूर्ण फळीवर नाही. काही पट्ट्यांत ऑकर मिसळून उबदार, काही पट्ट्यांत किंचित काळा मिसळून थंड. दोन हिरव्यांमधला हा फरक फार थोडा असावा. दोन पडद्यांनंतरही फळी एकसुरी वाटत असेल तर फिकट रंगाची आणखी थोडी पिसं मारून तिसरा पडदा द्या. मी बहुतेक वेळा तीन देतो.

शिरा

इथे घाई झाली की आधीची सगळी मेहनत वाया जाते. शिरा दोन फेऱ्यांत रंगवायच्या आणि मध्ये एक हिरवा पडदा टाकायचा.

पहिली फेरी जुन्या शिरांची. पांढऱ्यात तिसऱ्या वाटीतला रंग आणि किंचित अंबर मिसळून करडा-हिरवा पांढरा करा, दुधाइतका पातळ. लायनर ब्रश अगदी टोकाला, दांडीच्या शेवटी धरा. ब्रश अंगठा आणि बोटांमध्ये गोल फिरवत, हात हवेत ठेवून ओढा. मनगट टेकवलं की रेष सुबक येते, आणि सुबक रेष इथे नको आहे. शीर तुकड्यांच्या कडेने चालवा, एखाद्या तुकड्याच्या मधून पार करा, दाब कमी-जास्त करा, मध्येच उचला. ओली असतानाच एका बाजूने मऊ ब्रश फिरवला तर एक कड विरते आणि दुसरी तीक्ष्ण राहते. शीर दगडात तिरपी उतरत गेल्याचा भास त्यातून होतो. सुकलं की वरून पातळ हिरवा पडदा द्या. या शिरा आता दगडाच्या आत गेल्या.

दुसरी फेरी नव्या शिरांची. संख्येने थोड्या, जास्त उजळ, बारीक. त्या जुन्या शिरांना लहान कोनात कापतील. जिथे कापतील तिथे जुन्या शिरेचा पुढचा भाग गडद ग्लेझने पुसून दोन-तीन मिलिमीटर बाजूला नव्याने सुरू करा. वर सांगितलेली सरक ती हीच. जिथे दोन-तीन शिरा भेटतात तिथे ब्रशच्या टोकाने शुद्ध पांढऱ्याचा बारीकसा ठिपका ठेवा. पूर्ण फळीवर असे पाच-सहा ठिपके पुरे.

मग ब्रश खाली ठेवा, फळी भिंतीला उलटी टेकवा आणि दहा फुटांवरून बघा. उलटी पाहिल्यावर चित्र दिसत नाही, तोल दिसतो. एखादी शीर विजेसारखी चमकत असेल तर तिच्यावर पातळ काळं-हिरवं ग्लेझ घालून तिला बसवा. शिरा वाढवण्यापेक्षा बुजवण्याकडे कल ठेवा.

तेलात करायचं असेल तर

क्रम अगदी तोच. ग्लेझसाठी एक भाग अळशीचं तेल, दोन भाग टर्पेंटाइन, ड्रायरचे (तेल लवकर सुकवणाऱ्या द्रव्याचे) थोडे थेंब आणि त्यात आर्टिस्ट ऑइल ट्यूबमधला रंग. ॲक्रिलिकच्या काळ्या गाभ्यावर तेलाचं ग्लेझ चालतं, तेलाच्या थरावर ॲक्रिलिक चालत नाही. तेलात ओल्या ग्लेझवर कापड टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटकलं तर थेंबांच्या जागी रंग फाकतो आणि खडकाचे सुंदर डोळे तयार होतात. ॲक्रिलिकला हे तितकं साधत नाही, ही तेलाची खरी श्रीमंती.

एक धोका मात्र गंभीर आहे. अळशीच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या सुकताना स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. काम संपलं की त्या मोकळ्या हवेत एक-एक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या बंद डब्यात ठेवा. हे कारखान्यापुरतं नाही, घरातल्या दोन चिंध्यांनाही लागू आहे.

कुठे रंगवावा, कुठे नाही

ही कला फसवण्यासाठी जन्मली असं मला वाटत नाही. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरांच्या घरांत सगळ्यात जुन्या पद्धतीच्या भिंती गिलाव्यात दगडी ठोकळे उठवून त्यांवर रंगीत संगमरवरांची नक्कल करतात, आणि त्या घरांतल्या माणसांना तो गिलावा आहे हे पक्कं माहीत होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बोल्टनचा थॉमस कर्शॉ हा रंगारी या कामात इतका पुढे गेला की 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. त्याने रंगवलेल्या फळ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या बघताना कौतुक हाताचं होतं.

पण दगडाचा मान ठेवून रंगवायला हवं. जिथे दगड बसू शकला असता तिथेच तो शोभतो : टेबलाचा माथा, भिंतीचा खालचा पट्टा, खांब, चौरंग, देवघराचा ओटा, चौकट. पंख्यावर किंवा पडद्याच्या दांडीवर नको. मोठा पृष्ठभाग असेल तर खऱ्या लाद्यांच्या मापात त्याचे भाग पाडा. मास्किंग टेप लावून एक सोडून एक लादी रंगवा आणि दिशा दर लादीत थोडी बदला. सांध्यावर पट्टीने केसाएवढी काळी रेघ, तिला चिकटून एका बाजूला त्याहून फिकी राखी रेघ. सांधा खोल दिसतो. शेजारच्या दोन लाद्या आरशातल्या प्रतिमेसारख्या जुळवायच्या असतील, जसं एकच ठोकळा कापून पुस्तकासारखा उघडतात, तर मोठ्या शिरा ट्रेसिंग कागदावर घेऊन उलट्या उतरवा. बारीक शिरा मात्र हुबेहूब जुळवू नका, कापताना करवतीने मधला थोडा दगड खाल्लेला असतो.

खांबाला सांधे नकोत, तो अखंड दगडाचा समजायचा. दिशा त्याच्याभोवती तिरपी चढवा. एकही शीर बांगडीसारखी आडवी फिरून स्वतःला मिळता कामा नये. महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्मोकोलवर बंदी आल्यापासून गणपतीची मखरं पुठ्ठ्याची आणि प्लायची होऊ लागली, आणि पुठ्ठ्याच्या जाड नळीवर हा दगड फार छान बसतो. नळीला प्रायमरचे दोन हात आणि बारीक पुट्टी दिली की झालं. मखराच्या खांबाला नमुना फळीइतके थर लागत नाहीत. आरास सहा-सात फुटांवरून आणि पिवळ्या दिव्यात दिसते, त्यामुळे शिरा थोड्या ठळक ठेवा आणि हिरवा एक छटा थंड ठेवा. पिवळा उजेड त्याला उबदार करून घेतो.

स्वयंपाकाच्या ओट्यावर हा रंग करू नका. गरम भांडं, सुरी आणि रोजचं पाणी यांपुढे कोणतंही वॉर्निश टिकत नाही. खरा हिरवा दगड लावणार असाल तर तेही जपून. सर्पेंटाइनच्या पातळ लाद्या ओल्या सिमेंटवर बसवल्या तर पाणी लागून वाकतात आणि सुटतात, त्यांना इपॉक्सी लागतं.

चकाकी

दगडाचा शेवटचा भास वॉर्निशमधून येतो. पाण्यावरचं पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) ग्लॉस वॉर्निश घ्या. तेलाचं वॉर्निश पिवळं पडतं. हिरव्यावर ते एक वेळ खपतं, पण पांढऱ्या शिरा चहाच्या डागासारख्या होतात. ॲक्रिलिकचं काम चोवीस तास सुकू द्या. तेलाचं असेल तर निदान आठवडाभर, आणि पावसाळ्यात हाताला अजिबात चिकट लागेनासं होईपर्यंत. वॉर्निश आधी नमुना फळीच्या कोपऱ्यावर लावून बघा, रंग ओढला जात नाही ना याची खात्री करा.

पहिला हात पातळ. सुकल्यावर 600 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवा. रंगापर्यंत पोचू नका, कडांवर विशेष जपा, कारण थर तिथे सगळ्यात पातळ असतो. मग दुसरा, तिसरा, चौथा हात, प्रत्येकाच्या मध्ये असंच घासणं. शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबा. मग 1500 आणि 2000 नंबरच्या ओल्या पेपरने पूर्ण पृष्ठभाग एकसारखा मंद करा आणि गाडीच्या पॉलिशची क्रीम मऊ कापडावर घेऊन गोल-गोल घासत चकाकी परत आणा. ब्रशने लावलेलं वॉर्निश कितीही चांगलं असलं तरी वॉर्निशच दिसतं. घासून आणलेली चकाकी सपाट आणि थंड असते, पॉलिश केलेल्या दगडासारखी.

त्यानंतर महिनाभर त्यावर जड वस्तू ठेवू नका, वॉर्निश आतून कडक व्हायला तेवढा वेळ घेतं. पुसायला नुसतं ओलं मऊ कापड वापरा. काही वर्षांनी चकाकी मंदावली तर 2000 चा ओला पेपर आणि तीच क्रीम पुन्हा फिरवा. टेबलाच्या कडेला टवका उडालाच तर तिथे आधी काळा लावा, मग वरचे पडदे त्याच क्रमाने.